दारूचे दुखणे दवाखान्यात आणा

आज २ ऑक्टोबर. गांधी जयंतीपासून मद्यनिषेध सप्ताह सुरू होतो. शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, ग्रामपंचायतीसमोर शपथा घेतल्या जातात, हातभट्टीचे रसायन जमिनीवर ओतल्याची छायाचित्रे छापून येतात. याच तारखेला घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीची आठवण मात्र कुणी काढत नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर खेड्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचा पाया घातला गेला. गांधीजींच्या जन्मदिवशीच हे काम सुरू व्हावे, हे ठरवूनच केलेले होते.

१९४१ साली गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाची पुस्तिका लिहिली. तिच्यातल्या कामांच्या यादीत दारूबंदी आहे, ग्रामसफाई आहे, आरोग्याचे शिक्षण आहे आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत कुष्ठरुग्णांची सेवाही आहे. खेड्यातला माणूस सावरायचा तर ही कामे एकत्रच करावी लागतील, हे त्यांना दिसत होते. स्वराज्य आल्यावर आपण ती वाटून टाकली. दारू गेली पोलिसांकडे आणि अबकारी खात्याकडे, आजार गेला आरोग्य खात्याकडे. ज्याच्या एकाच देहात ही दोन्ही दुखणी नांदत होती, तो माणूस दोन खात्यांच्या मधल्या जागेत पडून राहिला. तो अजूनही तिथेच आहे, आणि या सप्ताहात बोलायला हवे ते त्याच्याविषयी.

त्यासाठी आधी १९४०-५० च्या दशकांतले खेडे डोळ्यांसमोर आणावे लागेल. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात तेव्हाच्या हिंदुस्थानचे आरोग्य आकड्यांत मांडले आहे. सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे. वर्षाला सुमारे दहा कोटी लोकांना हिवताप. क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण आणि त्यातून दरवर्षी पाच लाख मृत्यू. साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. आणि यातले बहुतेक डॉक्टर शहरांत. म्हणजे कित्येक खेड्यांनी डॉक्टर कधी पाहिलेलाच नव्हता. टपाल कचेरीत मिळणारी क्विनाइनची पुडी, वैदूची मुळी, देवऋष्याचा अंगारा आणि दुखऱ्या जागी तापल्या लोखंडाचा डाग, एवढाच गावाचा औषधोपचार.

हिवताप तेव्हा एकदा येऊन जाणारा ताप नव्हता. तो वर्षानुवर्षे अंगात राहायचा. पोटात पानथरी वाढायची, रक्त आटायचे, आणि ऐन सुगीत घरातला कर्ता माणूस घोंगडीखाली कुडकुडत पडायचा. पायात नारू झालेला माणूस आठवडेच्या आठवडे जमिनीला पाय टेकू शकत नसे. क्षयाचा खोकला सुरू झाला की घरचे लोक थुंकीत रक्त दिसेपर्यंत बोलत नसत आणि रक्त दिसल्यावर तर मुळीच बोलत नसत. बाई आजारी पडली तर तिला माहेरी धाडले जाई. हातापायांवर बधिर चट्टे आलेल्याला गावाबाहेर झोपडी मिळे. पाचगणी आणि मिरजेला क्षयाची आरोग्यधामे होती. पण महिनोन्‌महिने तिथे राहणे ज्याच्या घरी दुसरा कमावता हात नाही त्याला कुठून परवडणार?

अशा देहाला दारूने काय दिले, हे दारूला शिव्या घालण्याआधी समजून घेतले पाहिजे. तिने ठणका बधिर केला. झोप दिली. भूक मारली. थंडीत अंगाला ऊब आल्याचा भास दिला, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर गेली तरी. दिवसभर नांगर धरलेल्या, ऊस तोडलेल्या, लाकूड वाहिलेल्या माणसाला दुसरे काही मिळत नव्हते आणि ही मात्र गावाच्या वेशीवर मिळत होती. सर्दी झालेल्या तान्ह्या पोराच्या ओठांना ब्रँडीचा थेंब लावणारी घरे आपल्याकडे कमी नव्हती. दारू हे औषधाविना राहिलेल्यांचे औषध झाले होते. सगळेच दुखण्यापायी पीत होते असे नव्हे. जत्रा होती, शिमगा होता, लग्ने होती, संगत होती. पण सणाला पिणारा रोज पिऊ लागतो, तेव्हा त्यामागे बहुधा न सांगितलेले, न तपासलेले एखादे दुखणे असते. शरीराचे किंवा मनाचे.

आणि हे औषध पुढे स्वतःच रोग होई. रोजच्या दारूने जेवण सुटते, अंगातली प्रतिकारशक्ती खचते. जास्त पिणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न पिणाऱ्याच्या सुमारे तिप्पट असतो, हे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. यकृत निकामी होते, डोळे पिवळे पडतात, पोटात पाणी साचते. गाव त्याला कावीळ म्हणे, जलोदर म्हणे, करणी म्हणे. दारूचे नाव कागदावर येत नसे. कारण मुळात कागदच नव्हता. किती संसार हिवतापाने बसले, किती क्षयाने आणि किती दारूने, याचा हिशेब कुणी वेगळा मांडूच शकत नव्हते. ती तिन्ही दुखणी एकाच घरात, कधी एकाच माणसात होती.

ही दारू गावात आपोआप आली नव्हती. मोहाची फुले वेचून घरी दारू गाळणे, शिंदी-ताडी उतरवणे हे जुनेच होते; पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची गाळणी बंद पाडली आणि सरकारी मक्त्याची दुकाने उभी केली. ठाणे-कुलाबा भागात तर १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. ते फूल आदिवासींचे अन्नही होते, याचा विचार झाला नाही. सरकारला महसूल हवा होता आणि महसुलाला रोज पिणारा माणूस हवा होता. हे महात्मा फुल्यांनी फार लवकर ओळखले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारू दुकानांना लेखी विरोध केला होता.

१९२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांमध्ये देवी रोगाच्या साथीच्या दिवसांत देवीला शांत करण्याचे विधी सुरू झाले. तिथून ही लाट डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर आणि पुढे दक्षिण गुजरातेत पोहोचली. अंगात आलेली देवी सांगू लागली : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी ते ऐकले आणि दारू दुकानदारांचे, जे बऱ्याच ठिकाणी सावकारही होते, धाबे दणाणले. या चळवळीकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणाऱ्यांनी तिचे मर्म गमावले. रोग, दारू आणि कर्ज ही एकच पीडा आहे आणि तिच्यावर उपायही एकदमच करावा लागेल, हे त्या पाड्यांवरच्या माणसांना उमगले होते. पुढे सरकारांना ते उमगले नाही.

मराठी मध्यमवर्गाच्या मनातला दारुडा वेगळाच होता. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाने तो घडवला. त्यातला सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, अपमान सहन न होऊन प्याल्याकडे वळतो आणि सिंधूसारख्या साध्वीच्या संसाराची राख करतो. गडकरी स्वतः जानेवारी १९१९ मध्ये सावनेर येथे क्षयाने गेले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात. या नाटकाने महाराष्ट्राला दारूची भीती दाखवली, हे त्याचे उपकारच आहेत. पण त्याच्या प्रभावातून एक समजही घट्ट झाला, की दारू हा मनोनिग्रहाचा पराभव आहे. ज्याचा निग्रह पक्का तो वाचतो, ज्याचा कच्चा तो बुडतो. पानथरी वाढलेला, उपाशीपोटी राबणारा गावकरी या चित्रात कुठेच बसत नव्हता. त्याच्या पिण्यामागे दुखावलेला अहंकार नव्हता, अंगदुखी होती. पण कायदे करायची वेळ आली तेव्हा करणाऱ्यांच्या मनात सुधाकर होता.

संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी या प्रश्नावर चर्चा झाली. पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे सांगणाऱ्या कलमात दारूबंदीची भर घालावी, अशी सुधारणा पुढे आली. आदिवासींच्या बाजूने जयपालसिंग मुंडा यांनी तिला विरोध केला. कोल्हापूरचे खर्डेकरही विरोधात बोलले. अखेर सुधारणा मंजूर झाली आणि आजचे कलम ४७ तयार झाले. हे कलम शांतपणे वाचले पाहिजे. त्यात पहिल्यांदा पोषण येते, मग राहणीमान, मग आरोग्य आणि त्यानंतर दारूबंदी. जेवण, राहणे, औषध आणि दारू यांचा संविधानाने एकत्र विचार केला आहे. राज्यकर्त्यांनी मात्र त्यातला शेवटचा भाग तेवढा उचलला.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. तिच्यामागची तळमळ खरी होती. अनेक गिरणी कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या घरांत पगार पहिल्यांदाच पूर्ण पोहोचला असेल. बायाबापड्यांनी या कायद्याला दुवा दिला, तो उगाच नव्हे. पण दुकान बंद करताना माणूस का पितो आणि पिणे सोडताना त्याच्या शरीराचे काय होते, याची व्यवस्था केली गेली नाही. कित्येक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात आणि कधी प्राणही जातो. अशा माणसासाठी तालुक्याला एक खाटही नव्हती. कायद्यात वैद्यकीय कारणासाठी परवान्याची सोय होती, पण तो मिळवण्याइतका डॉक्टर, कागद आणि पैसा शहरातल्या सुखवस्तूंकडेच होता.

मग हातभट्टी आली. ओढ्याकाठी, उसाच्या फडात, जंगलात गूळ आणि नवसागर घालून रसायन आंबू लागले. शहरांत फ्रेंच पॉलिश आणि वार्निश पिणारे निघाले. अशा दारूत मेथिल अल्कोहोल मिसळले गेले की डोळे जातात, नाहीतर जीव जातो. हे त्या काळापुरते राहिले नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. हातभट्टी लावणाऱ्यांत पोट भरायला दुसरा मार्ग नसलेल्या विधवा होत्या, भूमिहीन होते, पालांवर राहणारे होते. गुन्हेगार जमाती कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पालांवर धाड घालायला दारूबंदी हे कारण पोलिसांच्या हाती उरलेच. दारूबंदीच्या विरोधात युक्तिवाद म्हणून मी हे सांगत नाही. उपचाराविना बंदीचे ओझे सगळ्यात दुबळ्या खांद्यावर पडते, एवढेच दाखवायचे आहे.

दुःख याचे आहे, की ती दशके वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या आशेची होती. १९५३ पासून हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली. घरोघर डीडीटीची फवारणी झाली आणि गावांनी हिवतापाची माघार प्रत्यक्ष पाहिली. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनच्या पाठोपाठ १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. १९५५ ते ५८ या काळात झालेल्या देशव्यापी पाहणीने क्षय शहरांइतकाच खेड्यांतही पसरल्याचे दाखवून दिले. मद्रासच्या क्षयोपचार केंद्रात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले, की गोळ्या नियमित घेतल्या तर रुग्ण स्वतःच्या घरी राहूनही आरोग्यधामातल्या इतकाच बरा होतो. गरिबाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. फक्त ‘नियमित’ या शब्दात तिचा जीव होता. रोज पिणारा माणूस गोळी चुकवतो. आणि दारूने आधीच दुबळ्या झालेल्या यकृताला आयसोनियाझिड आणखी त्रास देते. म्हणजे क्षयाचे औषध हाती आले, तरी दारूवर औषध नसल्यामुळे ते वाया जाण्याची भीती होती.

दारूच्या व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची सुरुवातही त्याच सुमारास जगात झाली. १९४८ साली डेन्मार्कमध्ये डायसल्फिरमचा उपयोग व्यसनमुक्तीसाठी होऊ लागला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्याकडे आरोग्य केंद्रे उभी राहत होती, तिथे हिवतापाचे रक्त तपासले जाई, देवीची लस टोचली जाई, बाळंतपणे होत. दारू सुटावी म्हणून तिथे कुणी यावे, अशी कल्पनाच नव्हती. दारुड्याची नोंद व्हायची ती पोलीस ठाण्यात.

हे अटळ होते असे मात्र म्हणता येणार नाही, कारण त्याच काळात आणि याच मातीत एका आजाराला पापाच्या कोठडीतून सोडवण्याचे काम चालू होते. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. पूर्वजन्मीचे पाप म्हणून ज्यांना वेशीबाहेर टाकले होते, त्यांच्या हाती औषधासोबत कुदळ दिली, शेती दिली, मान दिला. महारोग हा जंतूंमुळे होणारा, बरा होणारा रोग आहे, हे महाराष्ट्राला पुस्तकाआधी या माणसांच्या कामातून पटले. जे कुष्ठरोगाबाबत जमले ते दारूबाबत पुढची कित्येक वर्षे कुणी करून पाहिले नाही.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी कीर्तन-भजनांतून खेड्यांना दारूपासून परावृत्त करण्यासाठी आयुष्य वेचले. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनात दारू, कर्ज आणि घाण यांच्यावर एकत्रच बोलत. त्यांच्या शब्दाने कितीतरी माणसे सुटली. पण कीर्तन संपल्यावर पहाटे ज्याचे हात थरथरू लागत, त्याला धरून बसायला गावात कुणी प्रशिक्षित माणूस नव्हते. उपदेशाने मन वळते. शरीराला उपचार लागतो. ही दुसरी बाजू महाराष्ट्रात ठळकपणे उभी राहिली ती १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले तेव्हा.

या सगळ्या काळात एक पक्ष सातत्याने शहाणा राहिला, तो घरातल्या बायकांचा. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली ती गावोगावच्या लोकांच्या आणि विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे; डॉ. अभय बंग यांच्यासारख्या डॉक्टरांनी त्या चळवळीला आरोग्याची भाषा दिली. पुढे मतदान करून बाटली आडवी करण्याचा हक्क बायकांनी मिळवला. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, यावर वाद होत राहील आणि तो व्हायलाही हवा. पण बायकांची खरी मागणी दोन भागांची आहे. दारू गावातून जावी हा एक भाग, आणि नवरा शुद्धीवर यावा, औषध घेऊन उठावा, कामाला लागावा, हा दुसरा. पहिल्या भागावर आपण निवडणुका लढवल्या. दुसऱ्यावर फार थोडे केले.

किती थोडे, ते आकडे सांगतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासातून बाहेर येण्यासाठी मदत हवी आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाधीनतेचा समावेश मानसिक आजारात केला, म्हणजे कायद्यानेही आता हे आरोग्य खात्याचे काम ठरले आहे. तरी आजही कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा कावीळ होऊन दवाखान्यात येतो, सलाईन लावून घरी जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. त्याच्या कागदावर यकृताचे निदान असते, व्यसनावरच्या उपचाराची ओळ नसते.

म्हणून या २ ऑक्टोबरला शपथांसोबत काही कामे ठरवू या. ती फार खर्चिक नाहीत. क्षयाच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला आरोग्य केंद्रात दारूविषयी विचारले जावे. दरडावून नव्हे, ताप किती दिवसांपासून आहे हे विचारावे तसे. आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना ही विचारपूस शिकवावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दारू सोडताना होणाऱ्या त्रासावर उपचारासाठी काही खाटा, आवश्यक औषधे आणि एक समुपदेशक असावा. क्षयाच्या गोळ्या सुरू असलेल्याला व्यसनमुक्तीची मदत त्याच दारात मिळावी, त्यासाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी धाडू नये. आणि दारूवरच्या करातून राज्याच्या तिजोरीत जे हजारो कोटी जमा होतात, त्यातला ठरलेला हिस्सा दरवर्षी या उपचारासाठी बाजूला काढून ठेवावा. ज्या पैशासाठी सरकार दुकानांना परवाने देते, त्या पैशावर दारूने आजारी पडलेल्यांचा पहिला हक्क आहे.

गावानेही आपले काम करावे. दारू सोडून परतलेल्याला चावडीवर, देवळात, कामावर मानाने घ्यावे. तो पुन्हा घसरला तर टाकून देऊ नये. क्षयाचा रुग्ण मधेच औषध सोडून पुन्हा आजारी पडला तर आपण त्याला नव्याने उपचाराला लावतो, तसेच यालाही लावावे. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने देवी संपवली, नारू संपवला, कुष्ठरोग्याला माणसांत आणले. दारूच्या रोग्यासाठी तेच करण्याची जबाबदारी आता आपल्या पिढीवर आहे, आणि ती सुरू करायला आरोग्य केंद्राचे दार सत्तर वर्षांपूर्वीच उघडलेले आहे. त्या दारातून या रोग्याला आत घ्या.